पुराच्या रेषेवरची पेटी

छत्तीस वर्षं मी उद्यमनगरात लेथ चालवला. कास्टिंगला टूल लागला की नुसत्या आवाजावरून सांगायचो, आत पोकळ आहे का भरीव. बेअरिंग जाणार असलं तर मालकाच्या आधी आठ दिवस मला कळायचं. यात फुशारकी आहे हे मला ठाऊक आहे, पण ती कमावलेली आहे, आणि निवृत्त माणसाजवळ दुसरं असतं तरी काय? तर सांगायचं हे की एवढी यंत्रं ज्यानं सरळ केली त्याला त्याच्याच घरात वायफायच्या वीतभर डब्यानं तीन आठवडे नाचवलं.

आमचं घर नदीच्या बाजूच्या पेठेत, गल्लीच्या उताराला. पुढं एक खोली, मधे स्वयंपाकघर, मागं एक खोली. महापुराच्या वर्षी पंचगंगा घरात शिरली आणि कमरेच्या वर येऊन थांबली. पाणी ओसरल्यावर भिंतीवर तपकिरी पट्टा उरला. तो मी पुसू दिला नाही. पट्ट्याच्या वर एक हात मोजला, पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली आणि पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत रेड ऑक्साइडची लाल रेषा मारली. मग घराला कायदा केला: विजेवर चालणारी कुठलीही वस्तू या रेषेच्या खाली राहणार नाही.

कायदा म्हणजे कायदा. बटणं इतकी वर नेली की पाव्हणे पंखा लावताना टाचा उचलतात. फ्रिजला अँगलचा स्टँड केला, त्यामुळं खालच्या कप्प्यातली कोथिंबीर बायकोच्या तोंडासमोर येते आणि बर्फ काढायला तिला स्टूल लागतं. मागच्या खोलीत कॉम्प्युटरचं टेबलही छातीइतकं उंच केलं. गल्लीतले लोक हसतात. हसू देत. उद्या पाणी आलं तर ते धावपळ करतील, मी चहा पीत बसेन.

पुरानंतर दोन वर्षांनी नेटचं कनेक्शन घेतलं. कंपनीचा माणूस राउटर दाराजवळ, कमरेइतक्या उंचीवर ठोकायला निघाला. मी त्याला लाल रेषा दाखवली. त्याला वाटलं रंगकाम अर्धवट राहिलंय. शेवटी राउटर गेला पुढच्या दाराच्या वरच्या माळ्यावर. पण माळ्यावर उंदीर, आणि उंदरांना वायरची चव फार. म्हणून मी त्याला पेटी केली.

या पेटीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. अठरा गेजचा पत्रा, जुन्या कारखान्यात जाऊन स्वतः कापला, स्वतः वाकवला. कोपरे असे जुळलेले की नख जाणार नाही. पुढं बिजागरीचं झाकण, त्याला कडी. हवा खेळायला खाली बारीक भोकांची एक ओळ, पट्टी लावून मारलेली. वायर आत जाते तिथं रबरी बुश. वरून मशीनला देतात तो करडा हॅमरटोन रंग. राउटरच्या चार अँटेना म्हणजे राधानगरीच्या गव्याची शिंगंच, ती आत मावावीत म्हणून उंचीही बेतून घेतली होती. ज्यानं पाहिली त्यानं वाखाणली. शेजारच्या काकांनी त्यांच्या मीटरला तशीच करून मागितली. फक्त बायकोनं वाखाणली नाही. तिला दाखवली तेव्हा तिनं झाकण एकदा उघडलं, एकदा लावलं आणि म्हणाली, "हं."

मला राग आला होता. पण तिचा स्वभावच कमी बोलायचा, असं समजून सोडून दिलं.

बायको माझी सीमेपलीकडची. निपाणीच्या पुढं तिचं माहेर, घरात कन्नड, बाजारात मराठी. लग्नाआधी ती दोन वर्षं गावातल्या कन्नड शाळेत शिकवत होती आणि चांगली शिकवायची, हे मला तिच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या भावानं, लग्नाची बोलणी चालली तेव्हाच सांगितलं होतं. लग्न होऊन ती कोल्हापुरात आली आणि ते राहिलं. का राहिलं, याचं उत्तर मी कधी शोधलं नाही. आमच्या पेठेत कन्नड शाळा नाही, एवढं म्हटलं की माझं काम भागत होतं.

तिच्या त्या दिवसांची एक पत्र्याची ट्रंक होती. तीत शिकवण्याच्या टाचणांच्या वह्या, कन्नड पाठ्यपुस्तकं, पोरांनी काढून दिलेली चित्रं, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. ती ट्रंक कायम मागच्या खोलीत कॉटखाली असायची. पूर आला त्या सकाळी मी आधी टीव्ही उचलला. मग माझी मायक्रोमीटर आणि व्हर्नियरची पेटी, मग मिक्सर, मग कॉम्प्युटर. पाचव्या खेपेला आत गेलो तर पाणी कॉटच्या वर. नंतर तिनं त्या वह्या दोरीवर वाळत घातल्या. शाईची नुसती निळी धुई झाली होती. "वाळल्या की बघू," एवढंच ती सपाट आवाजात म्हणाली आणि मीही विषय वाढवला नाही.

अशा बायकोला गेल्या वर्षी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, काम चालून आलं. तिच्या मावसबहिणीच्या ओळखीतली एक संस्था होती. मराठी माणसांची बदली सीमेपलीकडं झाली की त्यांना कामापुरतं कन्नड शिकवायचं, नेटवरून. त्यांना दोन्ही भाषा पोटातून येणारी शिक्षिका हवी होती. पण आधी चाचणीचा तास: सोमवारी सकाळी अकरा वाजता, दोन परीक्षक समोर, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं लिहून शिकवून दाखवायचं. मोबाईलवर चालणार नाही, आणि मधेच तुटलं तर पुन्हा संधी नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. तीन आठवडे हातात होते. तिनं नव्या वह्या आणल्या आणि बुडालेले धडे आठवून आठवून पुन्हा लिहायला बसली.

ते लिहिताना मी तिला पाहत होतो. चष्मा नाकावर, ओठ हलताहेत, मधेच स्वतःशी हसते. चौतीस वर्षं मी हिच्या हातचं जेवलो आणि ही बाई मला माहीतच नव्हती. मला तिचा अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली. म्हणून मी जाहीर केलं की शिकवायचं तू बघ, मशीनचं मी बघतो.

मशीन म्हणजे पोराचा जुना कॉम्प्युटर. पोरगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा तो इथंच राहिला होता. पुराच्या ओलीनं त्याचं तार खोचायचं भोक गंजून गेलेलं, म्हणून त्याला नखाएवढी वायफायची पिन लावली होती. खोली मागचीच हवी होती, कारण पुढच्या खोलीत गल्लीतला सगळा गोंगाट येतो. मोबाईलची रेंज मागं दगडी भिंतीमुळं येत नाही. तोवर आम्ही नेट वापरायचो ते पुढच्या खोलीत, माळ्याच्या बरोबर खाली बसून, मोबाईलवर. तिथं कधी तक्रार नव्हती.

पहिल्या सरावाला पोरगा पुण्याहून विद्यार्थी होऊन बसला. बायको कॉम्प्युटरसमोर उभी राहिली, पहिलं अक्षर काढलं, आणि पडद्यावर पोराचं तोंड अर्धं उघडं तसंच थिजलं. थोड्या वेळानं हललं, पुन्हा थिजलं.

मी शिडी लावली, माळ्यावर चढलो, पेटी उघडली, राउटर बंद करून चालू केला. मागून तिची हाक आली, "आलं!" मी झाकण लावलं, कडी घातली, रुबाबात खाली उतरलो. शिडी भिंतीला लावेपर्यंत दुसरी हाक आली, "गेलं!"

तीन आठवडे आमच्या घरात हे दोनच शब्द होते. सकाळी आलं-गेलं, दुपारी आलं-गेलं. दूधवाल्यानंसुद्धा एकदा विचारलं, कोण आलंय नि कोण गेलंय, मावशी?

मी हार मानणाऱ्यातला नाही. पहिलं निदान मी असं केलं, की राउटर तापतोय. बंद करून चालू केला की गार होतो म्हणून चालतो, आणि जरा वेळानं तापून बसतो. लेथच्या मोटरीचं हेच असतं. म्हणून पेटीच्या तळाला आणखी दोन ओळी भोकं मारली. फरक पडला नाही, तेव्हा आत एक छोटा पंखा बसवला. तोही बसवताना इतका सुबक बसवला की काय सांगू. मग मला वाटलं, पंख्यामुळं वीज कुठं फिरत असेल, म्हणून पेटीला अर्थिंग दिलं. शेजारचे काका म्हणाले, असलं अर्थिंग तर सरकारी हापिसातबी नसतंय.

पोरगा फोनवरून सल्ले द्यायचा. त्यानं सांगितलं, राउटर सरळ मागच्या खोलीत खाली आणून ठेवा. मी म्हटलं, पुरात घर माझं गेलंय, तुझं नाही. त्यानं पुढं सुरुवात केली, "आणि पप्पा, ती पेटी..." मी फोन बायकोच्या हातात दिला. पेटीबद्दल कॉम्प्युटरवर बोटं चालवणाऱ्या माणसाकडून ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

कंपनीला फोन केले. चौथ्या फोनला माणूस आला. चांगला होता, काम जाणणारा. शिडीवर चढला, पेटी उघडली, राउटरशेजारी मोबाईल धरून वेग मोजला. एकदम फर्स्टक्लास. मग झाकण उघडं ठेवूनच मागच्या खोलीत गेला, कॉम्प्युटरवर बघितलं, तिथंही व्यवस्थित. मला म्हणाला, "काका, नेटला कायबी झालं न्हाय. तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय." जाताना पेटीकडं बघून म्हणाला, "पेटी मात्र लई झकास केलीसा." मी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर झाकण लावलं, कडी घातली. मागून हाक आली, "गेलं!"

मग नवी पिन आणली. मग कॉम्प्युटर उघडून आतली धूळ फुंकली. टेबल भिंतीपासून लांब ओढलं. सोमवार जवळ येत होता आणि बायकोचा एकही तास सलग पुरा होत नव्हता. एका दुपारी मी तिला स्वयंपाकघरात ओट्याशी वही घेऊन उभी बघितली. ती कुकरला शिकवत होती, हळू आवाजात, अक्षर हवेत गिरवून. मला पाहिल्यावर म्हणाली, "ह्यो मधीच बंद पडत न्हाय." कुकरनं शिट्टी दिली. ती हसली, मला हसू आलं नाही.

शनिवारी तिनं मनातलं बोलून दाखवलं. चाचणी नको म्हणून कळवते, असं म्हणाली. आमच्याकडच्या बायका बोलताना 'मी करतो' असंच म्हणतात, तसंच ती म्हणाली, "मी कळवतो त्यास्नी. घरच्या अडचणी हायत म्हणतो. मधी तुटलं तर माझं हसं हुईल." आवाजात रडणं नव्हतं. ट्रंकेच्या वेळी होता तसाच सपाट आवाज. तो ऐकला आणि मी हातातला पान्हा खाली ठेवला. म्हटलं, मला रविवार दे. एक दिवस.

आता मी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. उमेदवारी करताना आमचे मिस्त्री एकच गोष्ट शिकवायचे: मशीन बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि काय बदललंस ते लिही. आठवणीवर विश्वास ठेवू नको, आठवण तुझीच बाजू घेते. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर रेघा मारल्या. वेळ, मी काय केलं, आलं का गेलं. पंखा चालू, पंखा बंद. अर्थिंग काढलं, अर्थिंग लावलं. मी माळ्यावर करायचो, कधी शिडीवरूनच तर कधी खाली येऊन तिला हाक द्यायचो, ती मागून सांगायची, मी लिहायचो, चढलो-उतरलो त्याची वेळही. दुपारच्या जेवणापर्यंत पान भरलं आणि डोकं रिकामं झालं. कशाचा कशाला मेळ नाही. पंखा चालू असतानाही आलं होतं आणि बंद असतानाही आलं होतं.

जेवण झाल्यावर बायकोनं ते पान घेतलं. शिक्षिकेनं पेपर तपासावा तशी वरून खाली बोट फिरवत गेली. मग पुन्हा वरून. मग तिनं तिची वही काढली. तिनंही आपलं आलं-गेलं घड्याळ बघून लिहून ठेवलं होतं, मला न सांगता. दोन्ही कागद तिनं शेजारी शेजारी ठेवले.

"तुमी शिडीवर असलासा की येतंय," ती म्हणाली. "खाली उतरलासा की जातंय. पंख्याचं काय न्हाय, अर्थिंगचं काय न्हाय. तुमचंच हाय."

मी चिडलो. म्हटलं, म्हणजे उद्या तू शिकवत असताना मी माळ्यावर बसू, वटवाघळासारखा? ती म्हणाली, तसं न्हाय. उतरायच्या आधी शेवटचं काय करतासा ते बघा.

मी शिडी चढलो. पेटी उघडली. मागून हाक आली, "आलं." राउटरला बोटही न लावता झाकण लावलं. "गेलं." उघडलं. "आलं." लावलं. "गेलं." आठ-दहा वेळा केलं असेल. तिच्या आवाजात प्रत्येक वेळी थोडं थोडं हसू मिसळत गेलं.

मी शिडीवर तसाच उभा राहिलो, आणि एकदम कारखान्यातलं पत्र्याचं कपाट आठवलं. क्रिकेटची मॅच असली की आम्ही टूलच्या कपाटात छोटा रेडिओ ठेवायचो. फोरमन येताना दिसला की कोणीतरी पायानं कपाटाचं दार लोटायचं. दार बंद झालं की आवाज दबायचा, पण नुसता दबायचा नाही, तर स्टेशनच जायचं, आत नुसती खरखर राहायची. लोखंडात लहरी शिरत नाहीत हे मला माझ्या विसाव्या वर्षी माहीत होतं. लेथवर उभं राहून माहीत होतं. आणि साठीत मी अठरा गेजच्या पत्र्यात नेट कोंडून त्याला अर्थिंग देत होतो. काखेत कळसा म्हणतात तसा मी तो नुसता काखेत धरला नव्हता, त्याला हॅमरटोन रंग मारला होता.

खोटं कशाला बोलू, खाली उतरताना माझ्या मनात एक सबब तयार होत होती. पंख्याची वायर सैल होती, ती घट्ट केली, असं सांगितलं असतं तर चालून गेलं असतं. झाकण हळूच उघडं ठेवलं असतं. पण तिच्यासमोर आलो आणि टेबलावरचे ते दोन कागद दिसले. तिचं काम चोख होतं. चोख कामासमोर मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही.

"चूक माझी हाय," मी म्हटलं. "पेटी."

तिनं चष्मा नाकावर नीट केला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. मग म्हणाली, "परत एकदा म्हणा. मधी नेट गेल्तं, ऐकू आलं न्हाय."

मी परत एकदा म्हटलं. आम्ही दोघंही खूप हसलो.

संध्याकाळपर्यंत पेटी माळ्यावरून उतरवली. राउटर एका लाकडी फळीवर बसवला, शिंगं मोकळी. वायर जुन्या पाइपाच्या तुकड्यातून आत घेतली, म्हणजे उंदरांचाही प्रश्न मिटला. सगळं रेषेच्या वरच, कायदा मोडलेला नव्हता. पोराला फोन लावला, बायकोनं अख्खा तास घेतला, एकदाही थिजला नाही. शेवटी मी त्याला विचारलं, तू त्या दिवशी पेटीबद्दल काय सांगत होतास? तो म्हणाला, "काही नाही पप्पा, चांगली झालीय म्हणणार होतो." पोरगा माझाच आहे, पण खोटं बोलायला तो आईकडूनही शिकला नाही आणि माझ्याकडूनही, त्यामुळं लगेच कळलं.

सोमवारी अकरा वाजता मी पुढच्या दारात खुर्ची टाकून बसलो. दूधवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला कोपऱ्यावरच थांबवलं, आत परीक्षा चाललीय म्हटलं. त्यानं विचारलं, पोराची का? मी म्हटलं, बायकोची. म्हणताना माझी छाती फुगली हे त्यालाही दिसलं असणार.

आतून तिचा आवाज येत होता. घरातला नव्हे, दुसराच. मोकळा, उंच, सावकाश. माझ्या रेषेच्या कायद्यामुळं कॉम्प्युटर छातीइतक्या उंचीवर, त्यामुळं ती उभी राहूनच शिकवत होती, फळ्यासमोर राहावं तशी. परीक्षकांपैकी एका बाईंनी तसं विचारलंही, तुम्ही उभ्यानं शिकवता? ती म्हणाली, शाळेतली सवय आहे. पुराचं सांगितलं नाही. मग दुसऱ्या परीक्षकांनी ऐनवेळचा प्रश्न टाकला: समजा, एखादा माणूस बदली होऊन आलाय, कुणाच्या तरी दारात गेलाय, तर त्याला पहिला शब्द कुठला शिकवाल?

तिनं क्षणभरही वेळ घेतला नाही. म्हणाली, "पुस्तकात 'बन्नि' आहे, म्हणजे या. पण आमच्या भागात घरचे लोक 'बर्री' म्हणतात. आधी तो ऐकायला शिकवेन. 'बन्नि' कानावर पडलं तर समजायचं की तुम्हाला परका म्हणून ओळखलं. 'बर्री' कानावर पडलं तर चप्पल काढायची आणि आत जाऊन बसायचं."

पलीकडं हसण्याचा आवाज आला. मी इकडं दारात बसून एकटाच मान हलवत होतो. एवढं काम जाणणारी बाई माझ्या घरात फ्रिजसाठी स्टुलावर चढत होती. तिचं चौतीस वर्षं कुणी ऐकलं नव्हतं, आणि शेवटी ऐकायची वेळ आली तेव्हा तिचा आवाज मी पत्र्यात कोंडला होता. पण त्या तासाला त्याचं वाईट वाटायलाही मला फुरसत नव्हती. मला फक्त अभिमान वाटत होता, आणि तो माझा नव्हता, तिचा होता. तासभर नेट एकदाही गेलं नाही.

तिला काम मिळालं. आठवड्याला तीन तास, मग पाच.

पेटी कोपऱ्यात पडून होती. बघितली की चावायची. एका दुपारी मी हातोडी घेतली, पत्रा सपाट करून भंगारात देऊ म्हटलं. ती आतून आली आणि पेटीसमोर उभी राहिली.

"मोडू नगासा. द्या हिकडं."

तिनं पेटी पुसली. झाकण एकदा उघडलं, एकदा लावलं, पहिल्या दिवशीसारखंच. मग तिच्या नव्या वह्या आणून आत रचल्या. उंची अगदी बरोबर बसली. मी गव्याच्या शिंगांसाठी बेतली होती, ती तिच्या वह्यांना बसली. तिच्या "हं"चा अर्थ मला तेव्हा कळला. पुरानंतर मी सगळ्यांत आधी पेटी केली ती राउटरला. तिच्या ट्रंकेत काय बुडालं होतं हे मला माहीत होतं, आणि मी पेटी केली राउटरला. मी तळाची भोकं आणि पंख्याचं भोक पत्रा लावून बुजवली, कडेला रबराची पट्टी बसवली, आणि पेटी मागच्या खोलीत लाल रेषेच्या दोन हात वर ठोकली. दोन बोल्टवर, पण हातानं सुटतील अशा.

यंदा पावसाळ्यात नदी पुन्हा वाढली. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि भोंगा फिरला की सामान हलवा. शेजारी धावपळ सुरू झाली. मी चहा पीत बसणार होतो ना, तसा बसलो नाही. मागच्या खोलीत गेलो, दोन बोल्ट काढले, पेटी दोन्ही हातांत घेतली आणि दारात आलो. तिला वाटलं मी गडबडीत चुकलो. म्हणाली, टीव्ही ऱ्हायला की.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

वरच्या आळीतल्या तिच्या मावसबहिणीच्या घरापर्यंत आम्ही चालत गेलो, पेटी माझ्या डोक्यावर, छत्री तिच्या हातात. या खेपेला पाणी कोपऱ्यावरूनच परत फिरलं, घरात आलं नाही. पण ते आम्हाला नंतर कळलं. वाटेत, देवळाच्या चढाला, मी दम खायला थांबलो तेव्हा तिनं छत्री माझ्यापेक्षा पेटीवर जास्त धरली आणि पत्र्यावरचं पाणी पदरानं पुसलं.

"पेटी बाकी चांगली केलीसा," ती म्हणाली.